वतन आणि वहिवाट

आपल्या कवींनी चातकाला मेघाच्या थेंबासाठी चोच उघडून बसविले आणि तेवढ्यावर त्याची बोळवण केली. परंतु त्या तहानेहून कितीतरी अधिक विस्मयकारक असा एक प्रसंग या पक्ष्याच्या खऱ्या चरित्रात आहे, आणि त्याकडे मात्र कोणाचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आफ्रिकेच्या बाजूने समुद्र ओलांडून आलेली चातकाची मादी आपले अंडे सातभाईच्या घरट्यात टाकून मोकळी होते. पिलाला भरविण्याचे आणि पंख फुटेपर्यंत त्याला सांभाळण्याचे सारे कष्ट सातभाईच उपसतात. आणि ज्यांनी माळावरच्या चार बाभळी व दोन करवंदीच्या जाळ्या यांपलीकडचा मुलूख जन्मात पाहिलेला नाही, अशा त्या गृहस्थी पक्ष्यांच्या हाती वाढलेले हे पोर पावसाळा ओसरला की समुद्रापारच्या प्रवासाला निघते. जन्म देणाऱ्यांनी त्याला वाढविले नाही, आणि ज्यांनी वाढविले त्यांना त्या वाटेची गंधवार्ताही नाही. मग ही दिशा त्याला सांगितली कोणी?

या प्रश्नाला फार दिवसांपासून एक ठरीव उत्तर देण्यात येते: उपजत बुद्धी. हे उत्तर खोटे आहे असे नव्हे. परंतु कचेरीतला कंटाळलेला कारकून एखाद्या किचकट प्रकरणावर ज्याप्रमाणे 'दप्तरी दाखल' असा शेरा मारतो आणि ते रुमालात बांधून फळीवर टाकून देतो, त्याप्रमाणे या शब्दाने चौकशीचा निकाल न लागता ती नुसतीच थांबते. गेल्या पाऊणशे वर्षांत पक्ष्यांचे प्रवास आणि त्यांचा मेंदू यांविषयी जे संशोधन झाले ते बारकाईने पाहिले, तर या एका शब्दाच्या पोटात दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी कोंबलेल्या होत्या असे आढळून येते. आपल्या जुन्या मुलकी परिभाषेत बोलायचे तर त्यांतली एक वतन होय आणि दुसरी वहिवाट. वतन वाडवडिलांकडून आयते चालत येते; वहिवाट मात्र ज्याची त्याने, त्या जमिनीत वर्षानुवर्षे राबून, सिद्ध करावी लागते. पक्ष्याला दिशा वतनाने मिळते, ठिकाण मात्र वहिवाटीनेच मिळवावे लागते, असे माझे प्रतिपादन आहे. आणि ज्या मेंदूला आपण शतकभर क्षुद्र मानीत आलो, त्याचा एक मोठा भाग या वहिवाटीचे दप्तर राखण्यातच गुंतलेला असतो.

या भेदाचा सर्वांत स्पष्ट दाखला हॉलंडमध्ये मिळाला. बाल्टिक समुद्राच्या आसमंतात वाढणारे स्टारलिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचे भाऊबंद, शरद ऋतूत हॉलंडवरून नैर्ऋत्येच्या रोखाने जातात आणि इंग्लंड, बेल्जियम व फ्रान्सचा उत्तर भाग येथे हिवाळ्याचा मुक्काम करतात. पर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने असे ११,००० हून अधिक पक्षी हेग शहराजवळ पकडविले, त्यांच्या पायांत खुणेची कडी अडकविली आणि त्यांना विमानाने स्वित्झर्लंडमध्ये नेऊन सोडून दिले. १९५८ साली प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा होता, की ज्या प्रौढ पक्ष्यांनी पूर्वी एकदा तरी हा प्रवास केलेला होता त्यांनी आपण भलतीकडे येऊन पडलो आहोत हे ओळखले आणि नेहमीची दिशा सोडून ते वायव्येकडे, आपल्या ठरलेल्या मुक्कामाकडे वळले. परंतु त्याच वर्षी जन्मलेले, पहिल्याच प्रवासाला निघालेले पक्षी नैर्ऋत्येचा रोख न सोडता उडत राहिले आणि दक्षिण फ्रान्स व स्पेन येथे जाऊन पोहोचले. इंग्लंड त्यांना ठाऊकच नव्हते. त्यांच्या पदरी होती ती केवळ एक दिशा आणि त्या दिशेने किती काळ उडायचे याचा एक अंदाज. याहून उद्बोधक गोष्ट पुढेच आहे. हे चुकलेले तरुण पक्षी पुढल्या हिवाळ्यांतही स्पेनच्याच बाजूला आढळले, म्हणजे ज्या जागी वतनाच्या हिशेबाने त्यांचा काडीचा हक्क नव्हता तेथे एका मोसमाच्या वास्तव्याने त्यांची वहिवाट पडली, आणि पुढे तीच खरी ठरली.

पर्डेकच्या आधी काही वर्षे गुस्ताफ क्रामर या जर्मन पक्षिशास्त्रज्ञाने हाच प्रश्न तत्त्वरूपाने मांडला होता. पिंजऱ्याच्या खिडक्यांना आरसे लावून त्याने सूर्याचा प्रकाश वळविला, तेव्हा आतल्या स्टारलिंगची प्रवासाला निघण्याची धडपडही तितक्याच कोनातून वळली. यावरून पक्षी सूर्यावरून दिशा ठरवितो हे तर सिद्ध झालेच, शिवाय सूर्य दिवसभर आकाशात सरकत असल्यामुळे त्या सरकण्याची वजावट करणारे एखादे घड्याळही पक्ष्याच्या अंगी असले पाहिजे, हेही ओघानेच आले. पण केवळ होकायंत्राने काम भागत नाही हे क्रामरने ओळखले. रात्री डोळे बांधून नेलेल्या माणसाला अनोळखी रानात सोडून त्याच्या हाती उत्तम होकायंत्र दिले तरी त्याला उत्तर दिशा कळेल, घर कोणत्या दिशेला आहे ते कळणार नाही. त्यासाठी आपण स्वतः कोठे उभे आहोत याचे ज्ञान हवे, म्हणजे नकाशा हवा. पर्डेकच्या तरुण पक्ष्यांजवळ होकायंत्र होते, नकाशा नव्हता; प्रौढांजवळ दोन्ही होते.

येथे कोणी असे म्हणेल, की निदान होकायंत्र तरी सर्वस्वी जन्मजात आहे ना? त्याचेही उत्तर वाटते तितके सरळ नाही. रात्री प्रवास करणारा इंडिगो बंटिंग हा अमेरिकेतील निळा पक्षी ताऱ्यांवरून दिशा जाणतो हे स्टीफन एम्लेन याने तारांगणातील कृत्रिम आकाशाखाली दाखवून दिले, आणि मग १९७० साली त्याने एक विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. हाताने वाढविलेल्या काही पिलांना त्याने असे बनावट आकाश दाखविले, की ज्यातले सारे तारे ध्रुवाभोवती फिरण्याऐवजी बेटलज्यूज या ताऱ्याभोवती, म्हणजे मृगाजवळच्या आपल्या तांबूस आर्द्रेभोवती, फिरत होते. शरद ऋतू आल्यावर त्या पक्ष्यांनी आर्द्रेलाच उत्तर मानले आणि तिच्याकडे पाठ करून ते दक्षिणेचा रोख धरू लागले. म्हणजे ध्रुवतारा त्यांच्या रक्तात नव्हता. आकाशाचा जो बिंदू हलत नाही तो हुडकावा आणि त्याच्यापासून दूर जावे, एवढा नियमच काय तो रक्तात होता. वतनाच्या सनदेत गावाचे नाव कोरे सोडलेले असावे आणि वारसाने ते चौकशी करून स्वतः भरावे, असा हा प्रकार आहे. तेव्हा आनुवंशिकता आणि अनुभव यांना परस्परांचे वैरी समजण्याची जी खोड आपल्याला जडली आहे, ती सोडून द्यावी हे बरे. येथे वारसा म्हणून जे मिळते ते मुख्यतः शिकण्याचे वळण असते.

मग वहिवाटीचा हा एवढा मोठा भाग इतकी वर्षे नजरेआड का राहिला? माझ्या मते त्याचा दोष एका नामकरणाकडे जातो. विसाव्या शतकाच्या आरंभी लुडविग एडिंगर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने प्राण्यांच्या मेंदूंची तौलनिक पाहणी करून त्यांच्या भागांना नावे दिली. सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर सहा थरांचे जे आच्छादन असते आणि ज्यात विचारशक्तीचे अधिष्ठान मानले जाते, तसे थर पक्ष्याच्या मेंदूत त्याला दिसले नाहीत. पेशींचे गठ्ठे दिसले. यावरून पक्ष्याचा अग्रमस्तिष्क म्हणजे स्ट्रायटम नावाच्या खालच्या, ठरावीक हालचाली घडविणाऱ्या भागाचीच वाढ होय, असा त्याचा समज झाला, आणि तेथील प्रत्येक भागाच्या नावाला त्याने 'स्ट्रायटम' हे शेपूट जोडून दिले. कागदावर एकदा नोंद झाली की जमिनीवर काही असो, पुढचा प्रत्येक अंमलदार कागदच पाहतो, हा आपला नित्याचा अनुभव आहे. शास्त्रातही तेच घडले. विद्यार्थ्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या ही नावे पाठ करीत गेल्या आणि नावांबरोबर पक्षी म्हणजे उपजत हालचालींचे यंत्र हा ग्रहही नकळत पाठ होत गेला. अखेरीस २००४ साली शास्त्रज्ञांच्या एका मंडळाने ही नावे रद्द केली आणि या भागांचे नाते सस्तन प्राण्यांच्या त्या वरच्या आच्छादनाशी आहे, हे मान्य करणारी नवी नावे लावली. २०१६ साली पेशींची मोजदाद प्रसिद्ध झाली, तिच्यात तर असे दिसून आले, की पोपट व गाणारे पक्षी यांच्या मेंदूत चेतापेशींची दाटी इतकी आहे की तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूतही तितक्या पेशी नसतात. लहान जागेत मोठा कारभार कसा मांडावा याची पक्ष्याला निकडच होती. उडणाऱ्याला ओझे परवडत नाही.

या कारभारातील वहिवाटीचे दप्तर म्हणजे हिप्पोकॅम्पस. माणसाच्या मेंदूत त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून हे नाव पडले. पक्ष्यांत तो आकार नाही, पण काम तेच आहे. १९७१ साली जॉन ओकीफ याने उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी शोधून काढल्या, की त्यांतली एखादी पेशी उंदीर खोलीच्या एका विशिष्ट जागी आला म्हणजेच जागी होते. या शोधासाठी त्याला २०१४ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पक्ष्यांच्या बाबतीत मार्गदर्शक ठरले ते व्हर्नर बिंगमन व त्याचे इटालियन सहकारी यांचे टपाली कबुतरांवरील काम. ज्यांचा हिप्पोकॅम्पस काढून टाकला होता अशी अनुभवी कबुतरे दूरच्या अनोळखी ठिकाणाहून सोडली असता घराची दिशा बिनचूक धरीत. परंतु नेहमीच्या परिचित टापूत मात्र त्यांची गत विचित्र होई. कबुतरांना काही दिवस खोट्या उजेडात ठेवून त्यांचे आतले घड्याळ सहा तासांनी बिघडविले, तर सूर्यावरून धरलेली दिशा सुमारे काटकोनात चुकते. ओळखीच्या जागी निरोगी कबूतर ही चूक भोवतालच्या खुणांशी ताडून सावरते; हिप्पोकॅम्पस गमावलेले कबूतर त्याच खुणांच्या डोक्यावरून, चुकलेल्या सूर्याचा हुकूम शिरसावंद्य मानून, निमूटपणे उडत जाते. त्याचे वतन शाबूत राहिले होते. वहिवाटीचे कागद जळाले होते. आणि हाच भाग पिलांतून अगोदरच काढला, तर मोठेपणी त्यांना नकाशा घडविताच येत नाही, असेही दिसून आले.

या दप्तराची लिहिणावळ किती सूक्ष्म असते हे पाहायचे तर अन्न दडवून ठेवणाऱ्या पक्ष्यांकडे वळावे लागते. उत्तर अमेरिकेतील चिकॅडी हा आपल्या वल्गुलीच्या जातकुळीचा चिमुकला पक्षी हिवाळ्याच्या बेगमीसाठी बिया सालीच्या फटींतून व शेवाळातून एकेक करून लपवितो, आणि कावळ्याच्या कुळातील क्लार्क्स नटक्रॅकर तर एका मोसमात पाइनच्या हजारो बिया जमिनीत पुरून त्या कित्येक महिन्यांनी, वरती बर्फ साचले असतानाही, उकरून काढतो. १९८९ साली असे दाखविण्यात आले, की हिप्पोकॅम्पसला इजा झालेला चिकॅडी बिया पूर्वीइतक्याच हौसेने लपवितो, मात्र त्या परत सापडणे त्याच्या बाबतीत निव्वळ योगायोगावर येऊन ठेपते. लपविण्याची ऊर्मी वतनी होती, लपविलेल्या जागा वहिवाटीच्या होत्या, आणि शस्त्राने नेमकी दुसरीच गोष्ट छाटली गेली. कोलंबिया विद्यापीठात दिमित्री आरोनोव्ह व त्याचे सहकारी यांनी २०२४ साली याच्याही पुढचे रहस्य उलगडले. चिकॅडी बी लपवितो त्या क्षणी त्याच्या हिप्पोकॅम्पसमधील थोड्या पेशींचा एक विशिष्ट मेळ क्षणभर जागा होतो. त्याच जागी पुन्हा दुसरे बी लपविले तर मेळ निराळा. आणि पक्षी ते बी काढण्यासाठी परत येतो तेव्हा पहिलाच मेळ पुन्हा उमटतो. कचेरीत आलेल्या प्रत्येक कागदाला, तो एकाच गावचा असला तरी, आवक बारनिशीत स्वतंत्र क्रमांक पडतो, तशीच ही व्यवस्था आहे. ज्याला आपण यंत्र म्हणत होतो तो पक्षी नुसती जागा नोंदवीत नाही, तर त्या जागी घडलेला एकेक प्रसंग नोंदवून ठेवतो.

या विवेचनावर दोन दिशांनी आक्षेप येतील. पहिला यंत्रवाद्यांचा. ते म्हणतील, की रॉबिन पक्ष्याच्या डोळ्यात क्रिप्टोक्रोम नावाचे प्रथिन असते, निळ्या प्रकाशात त्यात घडणाऱ्या रासायनिक क्रियेवर पृथ्वीच्या चुंबकत्वाचा परिणाम होतो आणि त्यावरून पक्ष्याला दिशा कळते. यात ज्ञान, नोंद, दप्तर असल्या शब्दांचे कामच काय? ही उपपत्ती बरीच बळकट आहे, आणि हा संदेश अग्रमस्तिष्कातील दृष्टीशी संबंधित अशा एका भागात पोहोचतो, तो भाग निकामी केला की रॉबिनची चुंबकीय दिशा हरपते पण तारे व सूर्य यांवरून दिशा ठरविण्याची शक्ती टिकते, हे २००९ साली जर्मनीत सिद्धही झाले आहे. परंतु या संपूर्ण युक्तिवादाने होकायंत्राची बनावट तेवढी उलगडते. दिशा सांगणारे इंद्रिय कितीही अचूक असले तरी 'मी कोठे आहे' या प्रश्नाचे उत्तर त्या इंद्रियात साठविलेले नसते. ते आठवणीत असते. शिवाय हा प्रयोग आणखी एक गोष्ट सांगतो: एक साधन गेल्यावर पक्षी दुसऱ्याचा आधार घेतो, म्हणजे कोणत्याही एका साक्षीदारावर विसंबून तो निकाल देत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. नकाशा ही माणसाची वस्तू. कागद, रेघा, प्रमाण, हे सारे आपण पक्ष्याच्या डोक्यात कशावरून घालतो? या आक्षेपात तथ्य आहे, आणि पिसा येथील फ्लोरिआनो पापी याच्या संशोधनाने ते अधोरेखित केले आहे. १९७० नंतरच्या दशकात त्याने असे दाखवून दिले, की वासाची शक्ती गमावलेली कबुतरे अपरिचित ठिकाणाहून घराकडे येऊ शकत नाहीत. पिलू खुराड्यात बसल्या बसल्या कोणत्या बाजूच्या वाऱ्याबरोबर कोणता वास येतो ते शिकत राहते, आणि पुढे दूर कोठे तरी नेऊन सोडले असता तेथल्या वासावरून आपण घराच्या कोणत्या बाजूस आहोत हे ताडते, अशी त्याची उपपत्ती होती. तेव्हा पक्ष्याचा नकाशा कदाचित रेघांचा नसेलच. वाऱ्यांचा, वासांचा आणि उंचावरून दिसणाऱ्या नद्या-रस्त्यांचा असा मिश्र असेल. पण यामुळे माझ्या प्रतिपादनाला धक्का बसण्याऐवजी पुष्टीच मिळते, कारण कोणत्या वाऱ्याला कोणता वास हे कोणत्याही पूर्वजाला सांगून ठेवता येण्याजोगे नाही. ते एका विशिष्ट खुराड्यात, एका विशिष्ट टेकडीखाली, त्या त्या पिलाने स्वतःच शिकावे लागते.

तथापि वतनाला कमी लेखण्याची चूकही मला करायची नाही. २०२२ साली बार-टेल्ड गॉडविट या दलदलीतील पक्ष्याचे अवघ्या पाचएक महिन्यांचे पिलू अलास्काहून निघाले आणि ११ दिवसांत कोठेही न थांबता सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर तोडून ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर उतरले. त्याच्याजवळ पूर्वानुभव नावाची चीज असणे शक्य नव्हते. एवढ्या बळकट वतनापुढे माणसाने नम्र व्हावे हेच योग्य. परंतु वतनावर कुटुंबाचा आरंभ होतो, संसार मात्र वहिवाटीवरच चालतो, हे अमेरिकेतील व्हूपिंग क्रेनच्या कहाणीवरून दिसते. १९४१ च्या सुमारास या उंच, पांढऱ्या क्रौंचकुळातील पक्ष्याची संख्या विसाबाविसांवर येऊन ठेपली होती. पुढे त्यांचा एक नवा थवा पूर्व अमेरिकेत वसविण्याचे ठरले, तेव्हा पिंजऱ्यात जन्मलेल्या पिलांना वाट दाखविणारे वडीलधारे कोणीच नव्हते. म्हणून २००१ पासून हलकी विमाने पुढे घालून त्यांना विस्कॉन्सिनहून फ्लोरिडाला नेण्यात येऊ लागले. त्या थव्याच्या पुढील प्रवासांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. नवख्यांच्या घोळक्यात आठ वर्षांचा एखादा अनुभवी पक्षी असला, तर तो घोळका सरळ वाटेपासून सुमारे ३८ टक्के कमी भरकटतो, असे त्यात आढळले. गावचा जाणता कुळकर्णी मरण पावला की शिवारातल्या कित्येक बांधांच्या खुणा त्याच्याबरोबर जात. थव्यातला म्हातारा पक्षी मारला जातो तेव्हा होणारे नुकसान याच जातीचे असते, आणि पक्ष्यांच्या शिरगणतीत ते कोठेही दिसत नाही.

पक्षिसंरक्षणाचा विचार करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे असे मला वाटते. जात टिकली, अंडी उबली, संख्या वाढली, की काम झाले असे आपण समजतो. पण जातीबरोबर टिकते ते वतन. वहिवाट टिकावी तर पाणथळ जागाही टिकली पाहिजे आणि ती ओळखणारे म्हातारे पक्षीही टिकले पाहिजेत, कारण ही नोंद रक्तातून उतरत नाही. थव्याबरोबर उडून, पाहून आणि चुकून ती दरवेळी नव्याने करावी लागते.

याचा पुरावा पाहायला दूर जाण्याचे कारण नाही. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पुरे झाले. आज हिवाळ्यात भिगवणच्या पाण्यावर, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालयापलीकडच्या पठारांवरून येऊन उतरतात. हंसांच्या या कुळात पिले आईबापांच्या संगतीनेच पहिला प्रवास करतात. कोणत्याही वतनाच्या सनदेत उजनीचे नाव असणे शक्यच नाही. त्यांच्या पूर्वजांच्या काळी तेथे पाणी नव्हते, ज्वारीची रानेच काय ती होती. कोणी एक थवा केव्हातरी उतरला असेल, त्याने ते पाणी मनात नोंदविले असेल, आणि मग त्याच्या पोरांनी त्याच्यामागून येऊन ती नोंद कायम केली असेल. उन्हाळ्यात पाणी हटले आणि पळसदेवच्या जुन्या देवळाचे शिखर वर आले, की त्या बुडालेल्या गावांतली म्हातारी माणसे काठावर उभी राहून आपली विहीर कोठे होती, बांध कोठून जात होता, ते बोटाने दाखवितात. तोपर्यंत पट्टकादंब उत्तरेला निघून गेलेले असतात. एकाच पाण्याच्या दोन वहिवाटी, एक मोडलेली व एक नव्याने पडलेली, आणि दोहोंचा कागद डोक्याखेरीज अन्यत्र कोठेही नाही.